रिम कापून पाहणारे सर

कॉलेजसाठी लाखनीला खोली बघायला गेले तेव्हा घरमालक सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जेवण हातानं करणार की डबा लावणार तेही विचारलं नाही. फाटकाला टेकवलेल्या माझ्या सायकलकडे बोट करून ते म्हणाले, "रिम कोनती हाये? सिंगल वॉल का डबल वॉल?"

"काळी," मी म्हणाले.

सर माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, खोली हातची गेली. तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "अवो, पोरीले आधी पानी त द्या. रिम का पळून चालली का?" सर आत गेले आणि एका हातात पाण्याचा गडवा, दुसऱ्या हातात ॲल्युमिनिअमचा दोन बोटं रुंद तुकडा घेऊन आले. मी पाणी पिईपर्यंत तो तुकडा त्यांनी माझ्या नाकासमोर धरून ठेवला. रिम आडवी कापली की आतून कशी दिसते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

"ही वरची भित. हिच्यावर ट्यूब बसते. ही खालची भित. हिले तारा ओढून रायतात. अन् मंधात काईच नाई. हे जे काईच नाई हाये ना पोरी, त्याच्यानंच वजन कमी अन् मजबुती जास्त. याले म्हनते डबल वॉल. तुही हेच हाये. पुन्हा काळी म्हनू नको."

मी म्हटलं नाही, आणि खोली मला मिळाली.

सर आयटीआयमध्ये फिटरचे निदेशक होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नातवंडं खेळवतात, निदान पानठेल्यावर बसून सरकार चालवतात. सर रिम कापायचे. लाखनीतल्या साऱ्या सायकलवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की मोडकी रिम भंगारात टाकायची नाही, आधी मला दाखवायची. हायवेवर सायकलचा अपघात झाल्याचं कळलं की सर तिथं पोचत, आधी माणसाची विचारपूस करत आणि मग रिमची. काकूंच्या मते खरा क्रम याच्या उलट होता.

कापण्याआधी ते करवत खाली ठेवून रिमला हात जोडत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना. विचारलं, "सर, नमस्कार कोणाला?"

"ज्यानं बनवली त्याले. आपल्याले त्याचं नाव मालूम नाई. पन त्यानं काई तरी विचार केला असंन का नाई? त्याच्या विचारात आपन करवत घालून राहिलो. विचारून घाला लागते."

मग कापायला सुरुवात. तुकड्याच्या कडा कानशीनं गुळगुळीत करायच्या, कागदाची चिठ्ठी डकवायची आणि ओसरीतल्या तारेवर ओवायचा. ओसरीभर असे तुकडे लटकत असत. कापायचं काम मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ चाले, कारण रिम घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा तिथंच पक्का बसवलेला होता. तांदळात खडे कोणाच्याही घरी निघतात. आमच्या घरी ॲल्युमिनिअमचा भुसा निघायचा. काकू ताट वाढताना म्हणायच्या, "खा वो माय, तुह्या सरायची मेहनत हाये त्याच्यात."

मी करडीची. घरी धानाची शेती. शाळेत असताना रोज सायकलनं जायचं म्हणून पाय तयार झाले, एवढंच माझं भांडवल. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी एकदा शर्यतीत उतरवलं, मी जिंकले, आणि कोणाची तरी जुनी शर्यतीची सायकल मला मिळाली. वाकडं हँडल, बोटाएवढे टायर. ती मला उत्तम चालवता येत होती, पण तिच्याबद्दल मला काहीही कळत नव्हतं. हे कळल्यावर सरांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी रोज संध्याकाळी अर्धा तास माझी शिकवणी सुरू केली. मला वेळ आहे का, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

ते रिमवरून नख फिरवायला लावत. "हवा भराचं छेद इथं हाये. मंग जोड कुठं असंन?" ॲल्युमिनिअमची रिम म्हणजे लांब पट्टी गोल वाकवून टोकं जोडलेली असतात. तो जोड नेहमी व्हॉल्वच्या बरोबर समोर असतो, म्हणजे दोन्हीकडचं वजन सारखं होतं आणि छेदानं कमजोर झालेली जागा जोडापासून लांब राहते. डोळे मिटून सरांना तो जोड नखाला लागायचा. मला लागायला महिना गेला. ज्या दिवशी लागला त्या दिवशी सरांनी काकूंना शिरा करायला लावला.

ब्रेकचे रबर जिथं घासतात त्या कडेवर एक बारीक खाच असते. मी ती ओरखडा समजत होते. "ओरखडा नोहे. ज्या दिवशी हे खाच दिसनार नाई, त्या दिवशी समजाचं का भित झिजली. बनवनाऱ्यानं तिथं निरोप लिहून ठेवला हाये, अन् तुमी त्याच्यावर रबर घासून राहिले, वाचून नाई राहिले." माझ्या पुढच्या चाकावरची खाच जवळजवळ गेलेलीच होती. सरांनी वहीत लिहून ठेवलं.

त्यांचे वडील आंधळगावचे सुतार, बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाकं करणारे. त्यामुळे सरांच्या मनात सगळी चाकं बंडीपासून सुरू व्हायची. "बंडी खालच्या आऱ्यावर उभी रायते. सायकल वरच्या तारायले लटकून रायते. बाबाले मी हे सांगतलं त त्याहीनं दिवसभर जेवन नाई केलं. सायकलकडे पाहत बसले. म्हने, लटकून रायते त पडत काहून नाई?" हे सांगताना सरांचा चेहरा त्यांच्या वडिलांसारखाच होत असावा, असं मला वाटायचं.

मागच्या चाकाच्या रिमला तारांची भोकं मधोमध नसून एका बाजूला सरकलेली असतात, हे त्यांनी एकदा दाखवलं. एका अंगाला गिअरच्या चकत्यांची चळत असल्यामुळे त्या बाजूच्या तारा उभ्या बसतात आणि फार ताणल्या जातात, दुसरीकडच्या तिरप्या आणि ढिल्या राहतात. भोकं दोन-तीन मिलिमीटर सरकवली की दोन्हीकडचा ताण जवळ येतो. एवढीशी गोष्ट, पण सर ती रिम छातीशी धरून ओसरीत येरझारा घालत होते. "कोनाच्या डोक्यात आलं असंन, पोरी? तारा बदलवा लागते, हब बदलवा लागते, असं सारे म्हनत बसले असतीन. अन् कोनी तरी म्हनलं असंन, भोक थोडसं सरकवून पाहू." त्या संध्याकाळी मला सायकलचं नाही, सरांचंच नवल वाटत राहिलं. दुसऱ्याच्या हुशारीनं इतका आनंदून जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर नंतरही फारसा पाहिला नाही.

आणि सुपाची गोष्ट. शर्यतीच्या सायकलींना खोल रिम असते, चार-पाच बोटं उंच. ती वारा कापते, पण वारा बाजूनं आला तर तीच हँडल ओढते. हे मला तोंडी पटेना. सरांनी काकूंचं सूप उचललं, मला हायवेच्या कडेला नेऊन उभं केलं आणि सूप उभं धरायला लावलं. आधी कड वाऱ्याकडे, मग पाठ. ट्रक गेला की पाठ धरलेलं सूप हातातून उडून जायला बघायचं. समोरच्या ढाब्यावरचे लोक चहा सोडून पाहत होते. कोणीतरी विचारलं, "सर, धान पाखडून राहिले का?" सर म्हणाले, "हाव. डोक्यातलं." माझ्या मनगटाला त्या दिवशी जे समजलं ते अजून विसरलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. नागपूरला राज्याच्या संघासाठी निवडचाचणी होणार होती. पहिल्या तिघींना संघात घेणार होते. संघात गेलं की प्रमाणपत्र, आणि पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. बाबांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "यंदा झालं त झालं. नाई झालं त सायकल ठेवाची अन् घरी याचं. पाहुने येऊन राहिले." बाबा वाईट नव्हते. दोन लहान बहिणी होत्या आणि त्यांचा धीर संपत आला होता.

चाचणीला आठवडा राहिला असताना नागपूरच्या प्रशिक्षकांनी त्यांची स्वतःची कार्बनची चाकं मला वापरायला दिली. घड्याळाशी एकटीनं लढायची शर्यत, तिथं खोल रिमचे थोडेसे सेकंद म्हणजे सगळंच. मी ती चाकं लाखनीला आणली. सरांनी कार्बनची रिम आजवर फक्त चित्रात पाहिली होती. त्यांनी साबणानं हात धुतले, पुसले, मगच चाक हातात घेतलं. सकाळभर ते मांडीवर घेऊन बसले होते. "जोडच नाई वो याले," एवढंच मधूनमधून म्हणायचे.

मग त्यांनी एक नाणं घेतलं आणि रिमवर टकटक वाजवत गोल फिरवायला लागले. पुढच्या चाकावर एका जागी आवाज बदलला. टक टक टक, आणि तिथं ठप. व्हॉल्वच्या बरोबर समोर. सरांनी पुन्हा वाजवलं, मला वाजवायला लावलं. मलाही ऐकू आलं.

"ॲल्युमिनिअम असतं त मी म्हनलो असतो, जोड हाये. याले त जोडच नाई. मंग आवाज काहून बदलला? आतून फाटली हाये, पोरी. ब्रेकच्या गर्मीनं पापुद्रे सुटले. भर वेगात पुढचं चाक बसलं त तुहं तोंड रस्त्यावर."

मी प्रशिक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, मागच्याच महिन्यात मी चालवलंय ते. काही नाही त्यात. तू बिनधास्त बस." सरांनी ते ऐकलं आणि मान हलवत राहिले. चार दिवस आमचं भांडण चाललं. मी शेवटी सांगून टाकलं, "सर, मी याच चाकावर बसणार."

चाचणीच्या दोन दिवस आधी मी दुपारी कॉलेजातून आले. ओट्याजवळ काळी पूड सांडली होती. पुढचं चाक उकलून ठेवलं होतं, तारांची जुडी वेगळी बांधलेली, आणि शिकंज्यात रिम. त्यातून दोन बोटं रुंद तुकडा कापून काढला होता.

सर तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. त्यांचे डोळे भरलेले होते. मला पाहून ते म्हणाले, "फाटली नोहती. चांगली होती. म्या चुकलो." आणि लगेच, त्याच आवाजात, "पन पाह्य, पोरी, पाह्य. व्हॉल्वचं वजन असते ना, त्याच्यासमोर त्याहीनं इथं जास्तीचे थर देल्ले. तोल साधाले. म्हनून आवाज बदलला. जोड नाई तरी तोल ठेवला!"

मी तुकडा पाहिला नाही. माझं वर्ष गेलं, नोकरी गेली, सगळं त्या काळ्या पुडीत गेलं, आणि हा माणूस मला थर दाखवत होता. आयुष्यात इतक्या जोरानं मी कोणावर ओरडले नव्हते. म्हणाले, "तुम्हाला माझी काळजी नव्हती. तुम्हाला फक्त कापायचं होतं. आत काय आहे ते बघायचं होतं!" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "तू काल म्हनली ते अर्धं खरं हाये. भेव होतं, तुह्या जिवाचं. अन् पाहाचंही होतं. कोनतं किती होतं, हे मले नाई सांगता येत. म्या लय इचार केला. नाई सांगता येत."

मी भांडायची तयारी करून बसले होते. अशा कबुलीवर भांडायचं कसं, हे मला समजेना. वडीलधाऱ्या माणसानं अशी चूक कबूल करताना मी तोवर पाहिलं नव्हतं. चूक झाली म्हणणारे असतात, पण आपल्या मनात काय होतं ते असं चाचपून सांगणारा माणूस मला तेव्हाच दिसला. राग गेला नाही. पण रागाच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

माझं जुनं पुढचं चाक वापरायच्या लायकीचं नव्हतं, खाच पार पुसली गेली होती. सरांच्या घरात एकच रिम न कापलेली होती, ॲल्युमिनिअमची, कोरी, कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेली. ती काढली. सरांनी तारा ओवल्या, ताणल्या आणि ते चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला बसले. रिम आणि खुणेच्या टोकामधून कागदही जाणार नाही इतकं चाक सरळ झालं, तरी ते एकेक तार बोटानं छेडून ऐकत होते. मी दाराशी बसून पाहत होते. रुसून बसायचं ठरवलं होतं, पण नजर हटेना. कार्बनसाठी ब्रेकचे वेगळे रबर असतात, ते पुढचे काढून त्यांनी तिथं ॲल्युमिनिअमला चालणारे बसवले. मागं कार्बन, पुढं ॲल्युमिनिअम, अशी माझी सायकल तयार झाली.

ते माझ्याबरोबर नागपूरला आले. मैदानावर सगळ्यांसमोर प्रशिक्षकांपुढे जाऊन उभे राहिले, कापलेली रिम पुढं केली आणि म्हणाले, "हे म्या कापली. पोरीचा काई दोष नाई. तिले बोलू नोका." प्रशिक्षक जे बोलले ते त्यांच्या जागी कोणीही बोललं असतं. सर मान खाली घालून ऐकत राहिले. बोलून दमल्यावर प्रशिक्षकांनी तो तुकडा हातात घेतला, उलटा केला, आणि बराच वेळ पाहत राहिले. सर हळूच थरांकडे बोट दाखवायला लागले. मी तोवर सुरुवातीच्या रेषेकडे गेले होते.

मी चौथी आले. तिसरीच्या आणि माझ्या वेळेत फार तर दोन श्वासांचं अंतर होतं.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, सर आता समजूत घालतील. हवा विरुद्ध होती म्हणतील, नशीब म्हणतील. साकोलीकडची गाडी, खचाखच गर्दी. भंडारा मागं पडल्यावर ते म्हणाले, "त्या रिमनं तुले तेवढे सेकंद देल्ले असते." मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही.

चार दिवसांनी मी सामान बांधून करडीला आले. बाबांनी सायकल गुरांच्या कोठ्यात आढ्याला टांगून टाकली. पाहुणे कधी येणार त्याची बोलणी सुरू झाली. पुढं माझी निवड झाली, नोकरी लागली, आज मी जो गणवेश घालते तो मिळाला, हे सगळं त्यानंतरच्या एका वर्षामुळे. ते वर्ष मिळालं कसं, एवढंच सांगायचं राहिलं.

धान चुरायचं, मळणीचं काम चाललं होतं. पुंजन्याजवळ, धानाच्या भाऱ्यांच्या ढिगाशी, बाबा, आई, मी, सगळेच धुळीनं माखलेले. तेवढ्यात सर येताना दिसले. ती कापलेली रिम जानव्यासारखी खांद्यावरून अडकवलेली. एसटीतून तशीच आणली होती. गावातली पोरं मागं लागली होती. सरांनी बाबांना हात जोडले, खाली मातीत बसले आणि खिशातून तुकडा काढून सगळं पहिल्यापासून सांगितलं. जोड म्हणजे काय, व्हॉल्व म्हणजे काय, थर कुठं. बाबांच्या हयातीत सायकलबद्दल कोणी इतकं बोललं नसेल. ते तुकडा हातात फिरवत राहिले.

"मले हे काई समजत नाई, सर," बाबा शेवटी म्हणाले. "मले एकच सांगा. पोरगी त्याच्यावर बसून गेली असती, त तिले काई झालं असतं का?"

आई काम थांबवून पाहायला लागली. सरांनी फक्त हो म्हणायचं होतं. एक हो, आणि आईनं त्यांचे पाय धरले असते, बाबांनी त्यांना पोरीचा जीव वाचवणारा म्हणून जेवू घातलं असतं. मला वाटलं, म्हणतील. मला वाटलं, म्हणावं. मी तरी म्हटलं असतं.

"नाई," सर म्हणाले. "काईच झालं नसतं. रिम चांगली होती. ते त्या चाकावर बसली असती, त पहिल्या तिघीत आली असती. म्या कापली म्हनून नाई आली."

"मंग आता कायले आले?"

"तिचं एक वर्ष माह्या हातानं गेलं. ते मले परत द्याचं हाये. तुमी द्यान तरच देता येते."

बाबा उठले. कोठ्यात गेले. टांगलेली सायकल त्यांनी खाली उतरवली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिच्यावरची धुळीची पुटं झाडली आणि बाहेर आणली. मी हात पुढं केला होता. त्यांनी ती सरांच्या हातात दिली.